अस्वल शेजारी राहायला येतं, तेव्हा कुणी दचकत का नाही?

एक अस्वल शेजारणीला घेऊन नदीपर्यंत फिरायला निघतं. ते नुकतंच त्या इमारतीत, तिच्यापासून तीन दारं सोडून राहायला आलंय. नव्या घरात आल्यावर शेजाऱ्यांना सोबा नूडल्स द्यायची जपानी रीत त्यानं पाळली आहे, वर प्रत्येकाला दहा-दहा पोस्टकार्डंही वाटली आहेत. नदीवर गेल्यावर ते एक मासा पकडतं, चिरून मीठ लावून वाळवतं आणि शेजारणीला भेट देतं. निरोप घेताना विचारतं, आमच्याकडे जवळच्या माणसाला मिठी मारायची पद्धत आहे, चालेल का? ती हो म्हणते, घरी येते, मासा भाजते, अंघोळ करते, रोजनिशी लिहिते. संपली गोष्ट.

ही कावाकामी हिरोमी या लेखिकेची १९९० च्या दशकातली कथा. इंग्रजीतून येणाऱ्या जपानी पुस्तकांनी अलीकडे आपल्याकडच्या दुकानांत चांगलीच जागा धरली आहे. लोक मुखपृष्ठावरचं मांजर बघून पुस्तक उचलतात, घरी नेऊन वाचतात आणि मग वैतागतात. ‘अस्वल बोलतं कसं? बरं, बोलतं तर बोलतं, पण कुणालाच त्याचं काही कसं वाटत नाही? आणि शेवटी झालं काय?’

तक्रार रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की अशा कथेत अशक्य गोष्ट बहुतेक वेळा एकच असते आणि ती पहिल्या दमात मान्य करून टाकायची असते. खरं वाचायचं असतं ते तिच्या आजूबाजूला: कोण कुणाला काय देतं, कोण काय लपवतं, कुणाला कशाची लाज वाटते. आणि बऱ्याचदा तिथंच कुठेतरी एखादी खरीखुरी तारीख दडलेली असते.

आधी या मंडळींची ओळख

जपानी लोककथांतली भुतं, पाण्यातले प्राणी, रूप बदलणारे कोल्हे, शंभर वर्षं वापरून जिवंत झालेली भांडीकुंडी या सगळ्या गोतावळ्याला योकाई म्हणतात. योकाई सगळेच वाईट नसतात आणि देवही नसतात. आपल्याकडे मुंज्याला पिंपळ, गिऱ्ह्याला पाणी आणि देवचाराला गावची शीव ठरलेली, तसंच त्यांचंही असतं. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि खोडही ठरलेली.

कप्पा घ्या. हा नदी-तळ्यात राहतो. पाठीवर कासवासारखं कवच आणि डोक्यावर खोलगट बशी, बशीत पाणी. ते पाणी सांडलं की त्याची ताकद गेली. तो माणसांना आणि घोड्यांना पाण्यात ओढतो, पण रीतभात पाळण्यात इतका पक्का, की तुम्ही वाकून नमस्कार केलात तर तोही वाकतो आणि पाणी सांडून बसतो. काकडी त्याची इतकी लाडकी, की काकडी घातलेल्या सुशीच्या गुंडाळीला आजही कप्पामाकी म्हणतात. दुसरा योकाई झाशिकी-वाराशी. हे जुन्या घरातल्या बैठकीच्या खोलीत वावरणारं मूल. ते आहे तोवर घराची भरभराट, निघून गेलं की घर बसलंच समजा.

या गोष्टी आज ज्या रूपात आपल्यापर्यंत पोचतात, त्यामागे १९१० सालचं एक बारकंसं पुस्तक आहे. यानागिता कुनिओ हे सरकारी अधिकारी. ईशान्येकडच्या इवाते भागातल्या तोनो गावच्या सासाकी किझेन या तरुणानं सांगितलेल्या हकिकती त्यांनी टिपून घेतल्या. एकूण ११९ नोंदी, कित्येक जेमतेम परिच्छेदाएवढ्या. भाषा पंचनाम्याची: अमुक गावचा तमुक माणूस, त्याला हे दिसलं.

त्यातली ९९ वी नोंद मला सगळ्यांत मोठी वाटते. समुद्रकाठच्या गावात घरजावई होऊन गेलेला फुकुजी नावाचा माणूस. त्सुनामीत त्याची बायको गेली, मूल गेलं. उरलेल्या दोन मुलांना घेऊन तो जुन्या घराच्या जागी झोपडी बांधून राहतोय. वर्षभरानं उन्हाळ्यातल्या एका चांदण्या रात्री, धुक्यातून, एक बाई आणि एक पुरुष चालत येताना त्याला दिसतात. बाई त्याचीच बायको. तो मागोमाग जातो, नावानं हाक मारतो. ती वळून हसते. सोबतचा पुरुष त्याच गावातला, तोही त्सुनामीत गेलेला. लग्नाआधी त्या दोघांचं एकमेकांवर मन होतं, हे फुकुजीच्या कानावर आलेलं असतं. ती सांगते, आता मी यांच्याशी लग्न केलंय. तो विचारतो, मुलांची माया नाही का येत तुला? तिचा चेहरा उतरतो, ती रडते. मेलेल्या माणसांशी आपण बोलतोय हे त्याच्या ध्यानातच येत नाही. ते दोघं डोंगराच्या वळणाआड जातात, आणि मग कुठं त्याला आठवतं.

यात भूत आहे खरं, पण भीती जवळपास नाहीच. फुकुजी ‘तू मेलीस ना?’ असं विचारत नाही, मुलांचं विचारतो. संसाराची जी गोष्ट जिवंतपणी बोलता आली नसती, ती इथं चार वाक्यांत बोलून होते. आणि ही त्सुनामी काल्पनिक नाही. १५ जून १८९६ रोजी सानरिकू किनाऱ्यावर ती आली आणि तिनं सुमारे २२ हजार माणसं नेली.

स्वप्न सांगणाऱ्याला आपण काय विचारतो?

सकाळी चहा घेताना घरातलं कुणी सांगू लागतं, ‘रात्री स्वप्नात आजी आली होती, एसटी स्टँडवर उभी होती.’ आजी जाऊन दहा वर्षं झालेली असतात. तरी ‘ती तिथं पोचली कशी?’ असं कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, ‘काय म्हणाली?’ या कथा वाचताना कान असाच ठेवायचा.

ही उपमा मी हवेतून काढलेली नाही. आधुनिक जपानी कादंबरीचे थोरले लेखक नात्सुमे सोसेकी यांनी १९०८ मध्ये आसाही या वर्तमानपत्रात दहा स्वप्नांची एक मालिकाच लिहिली. त्यातल्या पहिल्या रात्रीसकट काही रात्रींची सुरुवात ‘असं एक स्वप्न पडलं’ अशाच साध्या वाक्यानं होते.

तिसऱ्या रात्री एक माणूस सहा वर्षांच्या आंधळ्या मुलाला पाठुंगळी घेऊन शेतातून चाललाय. मूल त्याचंच आहे, एवढं त्याला माहीत आहे. पण मूल मोठ्या माणसासारखं बोलतं, दिसत नसताना वाट सांगतं, पुढच्या वळणावर काय आहे ते आधीच बोलून दाखवतं. बापाला ते नकोसं होतं. वाटतं, पुढं रान लागलं की टाकून द्यावं. पावसात, अंधारात, एका देवदाराच्या मुळाशी ते येतात आणि मूल म्हणतं: तू मला मारलंस त्याला बरोबर शंभर वर्षं झाली. बुन्का पाचवं वर्ष, नाही का?

बुन्का हे जुन्या जपानी कालगणनेतलं पर्वाचं नाव, आणि त्याचं पाचवं वर्ष म्हणजे १८०८. मालिका छापून आली १९०८ साली. म्हणजे वाचक तो अंक हातात धरून बसला होता त्याच वर्षी शंभर वर्षं भरत होती. एवढ्या धूसर स्वप्नात लेखकानं तारखेचा हिशोब मात्र चोख ठेवलाय. शेवटच्या वाक्यात पाठीवरचं मूल दगडी मूर्तीसारखं जड होतं. पुनर्जन्माचं सूत्र आपल्याला नवं नाही. पण चित्रगुप्त नाही, शिक्षा नाही, कीर्तनही नाही. फक्त वजन.

‘बेडूक म्हणजे नक्की काय समजायचं?’

शाळेत कवितेचा मध्यवर्ती विचार लिहून लिहून आपल्याला एक खोड लागली आहे: दिसली वस्तू की लाव अर्थ. बेडूक म्हणजे अमुक, किडा म्हणजे तमुक. या कथांना ही पद्धत फार मानवत नाही. त्याऐवजी तो प्राणी आधी कुठं होता ते शोधलं, तर जास्त हाती लागतं.

मुराकामी हारुकी यांची एक गाजलेली कथा आहे. कातागिरी हा बँकेत कर्जवसुली करणारा चाळिशीचा माणूस घरी येतो, तर आत माणसाहून उंच बेडूक चहाची तयारी करत बसलेला. तो सांगतो, टोकिओच्या शिंजुकू भागाखाली एक महाकाय किडा झोपलाय, तो रागावलाय, १८ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी भूकंप घडवणार आहे. त्याच्याशी लढायला तुमची साथ हवी. कातागिरी कोण? आईवडील गेल्यावर ज्यानं धाकट्या भावंडांना वाढवलं, त्यांची लग्नं लावून दिली आणि ज्याला आता ती भावंडंही जुमानत नाहीत, असा माणूस. पुढं लढाई होते की नाही, हेच नक्की कळत नाही. कातागिरी इस्पितळात जागा होतो, भूकंप झालेला नसतो.

त्या तारखेच्या महिनाभर आधी, १७ जानेवारी १९९५ ला, कोबे शहराच्या परिसरात खरा भूकंप झाला होता आणि ६,४०० हून जास्त माणसं गेली होती. २० मार्चला टोकिओच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला. या दोन घटनांच्या मधला फेब्रुवारी मुराकामींनी कथेसाठी निवडला आहे.

आता जमिनीखालच्या प्राण्याबद्दल. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे आणि त्यानं डोकं हलवलं की धरणीकंप होतो. जपानमध्ये ते काम एका अवाढव्य मागुरसारख्या माशाकडे आहे. त्याला नामाझू म्हणतात. काशिमा इथला देव एका दगडानं त्याचं डोकं दाबून धरतो. १८५५ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकिओत, मोठा भूकंप झाला तेव्हा या माशाची रंगीत छापील चित्रं बाजारात धो धो खपली. तो महिना होता जुन्या पंचांगातला दहावा, जेव्हा देशातले सगळे देव इझुमो इथल्या देवळात जमतात अशी समजूत आहे. चित्रांत कारण दिलंय ते असं: काशिमाचा देव गेला होता गावाला, मागं राखणीला ठेवलेल्या एबिसू देवाला लागली डुलकी आणि मासा सुटला!

या चित्रांत आणखी एक गंमत आहे. काहींत संतापलेले लोक माशाला बदडतायत आणि सुतार-गवंडी त्याची बाजू घेऊन मध्ये पडतायत, कारण पडलेली घरं बांधून त्यांची चांदी झाली होती. काहींत श्रीमंतांना धरून त्यांच्याकडून सोन्याची नाणी ओकवून घेतली जातायत. म्हणजे विचित्र प्राण्याच्या आडून शहराचा ताळेबंद मांडायची पद्धत मुराकामींच्या किमान १४० वर्षं आधीची. बेडकाचा अर्थ नाही लागला तरी चालेल. कर्जवसुली करणारा माणूस आणि बुडीत कर्जांनी पोखरलेलं शहर दिसलं, की कथा पोचली.

एकच अस्वल, दोनदा

कावाकामींच्या अस्वलाकडं परत यायला हवं, कारण त्याचं पुढं जे झालं ते विलक्षण आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप, त्सुनामी आणि पाठोपाठ फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राचा अपघात झाला. त्याच वर्षी कावाकामींनी ती जुनी कथा पुन्हा लिहून छापली. तेच अस्वल, तीच नदी, बरीचशी वाक्यंही तीच. पण आता कथेत ‘ती गोष्ट’ घडून गेलेली आहे. ती म्हणजे काय, ते कुणी फोड करून सांगत नाही. पहिल्या कथेत नदीकाठी एक लहान मूल येऊन अस्वलाचे केस ओढतं, त्याच्या पोटात गुद्दे मारतं. दुसऱ्या कथेत मूल नाहीच, फक्त मोठी माणसं आहेत. पहिल्यात ती घरी येऊन मासा भाजते. दुसऱ्यात मासा चपलांच्या कपाटावर ठेवला जातो, खायचा प्रश्नच येत नाही. रोजनिशीत ती दिवसभरात अंगावर किती किरणोत्सर्ग घेतला त्याची बेरीज मांडते.

दोन्ही कथांचं शेवटचं वाक्य मात्र एकच: दिवस काही वाईट गेला नाही.

वर मी म्हटलं की अशक्य गोष्ट बाजूला ठेवा आणि आजूबाजूचं वाचा, ते या जोडीमुळं. दोन्हींत अस्वल तसंच शेजारी राहणारं, तसंच सभ्य. बदललंय ते सगळं खरं आहे. दुसरी कथा वाचताना बोलणाऱ्या अस्वलापेक्षा न खाल्लेला मासा जास्त अद्भुत वाटतो.

‘पण शेवटच नाही की!’

हा आक्षेप मराठी वाचकाकडून हमखास येतो आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘आटपाट नगर होतं’ इथून निघालेली गाडी साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. जपानी लोककथांनाही तसे शेवट असतात. त्यांच्याकडंही कृतघ्नाची फजिती आणि गरीब म्हाताऱ्याला सोनं आहेच. पण विसाव्या शतकातल्या लेखकांनी या गोष्टी हातात घेतल्या तेव्हा त्यांना नेमका तो फळाचा भाग नको होता.

उचिदा ह्याक्केन हे सोसेकींच्या शिष्यवर्गातले. त्यांच्या १९२२ च्या संग्रहात ‘कुदान’ नावाची छोटी कथा आहे. कुदान हा योकाई म्हणजे माणसाच्या तोंडाची गाय. जन्मतो, तीन दिवसांत मरतो, मरण्याआधी एक भविष्य सांगतो आणि ते खरंच होतं. कथेचा नायक माळरानावर भानावर येतो तेव्हा तो स्वतःच कुदान झालेला असतो. बातमी पसरते, हजारो लोक जमतात, कुंपण घालतात, उंच बैठका बांधतात, पाण्याचं भांडं पुढं करतात आणि कान टवकारून बसतात. त्याला मात्र सांगण्यासारखं काहीच सुचत नाही. गर्दीत ओळखीचे चेहरे दिसतात. वेळ जातो तसे लोक घाबरायला लागतात, भविष्य भयंकर असलं तर? शेवटी तो अंग ताणतो तेवढ्यानंच सगळे जिवाच्या आकांतानं पळत सुटतात. मैदान रिकामं. त्याला हायसं वाटतं, जांभया येतात, आणि आपण काही मरत नाही असं वाटू लागतं.

भविष्य आलं असतं तर ही बोधकथा झाली असती. आलं नाही म्हणून ती त्या गर्दीची कथा झाली. आणि ही गर्दी जुनी नाही. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा जपानमध्ये अमाबिए हा १८४६ सालचा, समुद्रातून येऊन साथीचं भाकीत करणारा योकाई अचानक सगळीकडे दिसू लागला आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयानंही त्याला जनजागृतीच्या चित्रावर घेतलं.

हे सगळं गंभीर चेहऱ्यानं वाचू नये, हेही सांगायला हवं. विहिरीतून रोज रात्री थाळ्या मोजणाऱ्या ओकिकूच्या भुताची गोष्ट जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक. दहातली एक थाळी हरवल्याच्या आळावरून तिचा जीव गेलेला, म्हणून ती नऊपर्यंत मोजते आणि आक्रोश करते. राकुगो या बैठकीत बसून सांगायच्या विनोदी कथनप्रकारात मात्र तिला बघायला जत्रा भरते. नऊ ऐकलं तर मरण, म्हणून लोक सहालाच पळ काढायचे. एके रात्री गर्दीत कुणाला हलता येईना आणि ती थेट अठरापर्यंत मोजत गेली. का? तर उद्या तिला सुट्टी हवी होती.

‘मग काय, काहीही लिहावं?’

नाही. आणि इथं वाचकानं थोडं कठोर व्हायला हरकत नाही. कथेतला अशक्य प्रकार एकदा ठरला की त्याचे नियम पाळले गेलेच पाहिजेत. दर दोन पानांनी नवा चमत्कार येत असेल, तर लेखकाला कथा सापडलेली नाही असं खुशाल समजावं.

आबे कोबो यांच्या १९५० च्या ‘लाल कोष’ या कथेत नियम एकच. रस्त्यावर हिंडणाऱ्या बेघर माणसाच्या बुटातून एक धागा निघतो. तो ओढत जातो तसा त्याचा पायच उसवत जातो, मग सगळं अंग. तोच धागा त्याच्याभोवती गुंडाळत जाऊन कोष तयार होतो. आता घर मिळालं, पण त्यात राहायला जाणारा उरला नाही. पुढं तो कोष रेल्वेफाटकाजवळ कुणालातरी सापडतो आणि त्याच्या मुलाच्या खेळण्यांच्या पेटीत जातो. बॉम्बहल्ल्यांत शहरं बेचिराख होऊन पाचच वर्षं झालेल्या देशात, ‘एवढी घरं आहेत, त्यातलं एक माझं का नाही?’ हा या माणसाचा प्रश्न आहे. अशा लिखाणाला समीक्षक अतिवास्तव म्हणतात, म्हणजे स्वप्नाच्या तर्कानं चालणारं. नाव लक्षात नाही राहिलं तरी बिघडत नाही.

मांजर, कॉफी आणि जुनी खंत असा ठरलेला मसाला घालून येणारी जी जपानी पुस्तकं सध्या ढिगानं दिसतात, ती या परंपरेची फार लांबची नातलग. वाचायला छानच, पण त्यातली अद्भुत गोष्ट वाचकाला गोंजारायला येते. आबेंची गोंजारत नाही.

‘एवढं लांब कशाला जायचं?’

लांब वाटतं तितकं ते नाही. बाराव्या शतकातला ‘कोंजाकू’ हा हजारावर कथांचा जपानी संग्रह तीन भागांत आहे आणि त्यातला पहिला भाग भारतातल्या कथांचा. त्यात एक शिंग असलेला ऋषी येतो. पावसात डोंगरवाटेवर पाय घसरला म्हणून तो चिडतो आणि पाऊस पाडणाऱ्या नागराजांना पाण्याच्या भांड्यात कोंडतो. दुष्काळ पडतो. राजा एका सुंदर स्त्रीला पाठवतो, ऋषीचं तप ढळतं, नाग सुटतात, आणि शेवटी ऋषीबुवा तिला पाठीवर घेऊन राजधानीत येतात. हा आपला ऋष्यशृंग. घसरून पडायचा आणि पाठुंगळीचा भाग वेगळा आहे, पण माणूस तोच.

अकुतागावा र्युनोसुके यांनी त्याच संग्रहातल्या जपानी भागातून कितीतरी कथाबीजं घेतली. त्यांची १९१८ ची ‘कोळ्याचा धागा’ मात्र आणखी फिरून आलेली. अमेरिकेत राहणाऱ्या पॉल कारुस यांनी १८९४ मध्ये प्राचीन भारतात घडणारी एक बौद्ध कथा इंग्रजीत लिहिली, ती जपानीत गेली आणि तिच्यातला छोटासा तुकडा अकुतागावांनी मुलांच्या मासिकासाठी उचलला. नरकातल्या कांदाता या दरोडेखोरानं आयुष्यात एकदा एका कोळ्याला न मारता सोडलेलं असतं. बुद्ध वरून कोळ्याचा धागा सोडतात. कांदाता चढू लागतो, खालून असंख्य पापी चढताना बघून ‘हा धागा माझा आहे’ म्हणून ओरडतो आणि धागा तुटतो. इथवर कथा आपल्या ओळखीची. अकुतागावांचं कसब पुढं आहे. बुद्ध खिन्न चेहऱ्यानं चालू लागतात आणि तळ्यातली कमळं, या सगळ्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी, डुलत राहतात. सकाळी सुरू झालेली कथा संपते तेव्हा स्वर्गात दुपार व्हायला आलेली असते.

सुरुवात कुठून करावी?

वाचायला सगळ्यांत सोपी हीच, ‘कोळ्याचा धागा’. पाचसहा पानांत होते. मग सोसेकींची दहा स्वप्नं, पण रात्री एकच. सलग वाचली तर एकात एक मिसळतात. लाफ्काडिओ हर्न यांचा १९०४ चा ‘क्वाइदान’ हा भूतकथांचा संग्रह मुळातच इंग्रजीत आहे आणि हक्कमुक्त असल्यामुळं फुकट मिळतो. हे गृहस्थ ग्रीक बेटावर जन्मले, १८९० मध्ये जपानात आले आणि तिथलेच झाले. कित्येक गोष्टी त्यांना बायकोनं, कोइझुमी सेत्सूनं सांगितल्या. कावाकामींची दोन्ही अस्वलं त्यानंतर, आणि शक्यतो एका बैठकीत, आधी जुनं मग नवं.

अकुतागावांची ‘कप्पा’ ही १९२७ ची लांबलचक कथा मात्र शेवटाला ठेवावी. तिच्यात कप्पांच्या देशात बाळंतपणाच्या वेळी बाप पोटातल्या बाळालाच विचारतो, तुला जन्माला यायचंय का, नीट विचार करून सांग. एक बाळ नको म्हणतं, कारण बापाकडून वेड वारशानं येईल याची त्याला धास्ती आहे. अकुतागावांच्या आईला त्यांच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांत वेड लागलं होतं. ‘कप्पा’ छापून आली त्याच वर्षी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली. हे ठाऊक असताना ती कथा हसत वाचणं अवघड जातं, आणि लिहिली तर आहे हसवण्यासाठीच.